सुपारी, शिकवणी आणि शिवडीचे फ्लेमिंगो

(या भागात बोललेलं इथे लिहून देतोय. 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली दाराची बेल काढली आहे. बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, नाहीतर उतरायचं स्टेशन निघून जाईल.

मी तबला आणि ढोलकी वाजवतो, गरज पडली तर ऑक्टोपॅडही. आणि करी रोडला आमच्या चाळीतल्या खोलीत तबला शिकवतो. पगार नाही, पीएफ नाही, रविवारची सुट्टी तर नाहीच. इंग्रजीत याला फ्रीलान्स म्हणतात. आमच्या इथे त्याला वेगळं नाव नाही. कोणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर आई सांगते, "प्रोग्राम करतो." ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो, "ते ठीक, पण काम काय करतो?"

गेल्या महिन्यात तुमचे बरेच मेसेज आले. तीन प्रश्न फिरून फिरून होते. सीझनमध्ये दिवस कसा जातो? पैशाचं कसं जमवतोस? आणि तिसरा प्रश्न वाचून मी जरा थांबलो : तुझे छंद काय? कारण मला तबल्याचाच छंद होता. त्याचं आता काम झालं. मग छंद म्हणून हातात काय उरलं? आजचा भाग यावरच आहे.

कॅलेंडर आधी भरतं, खिसा नंतर

आमचा सीझन म्हणजे फेब्रुवारी ते मे. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, मग २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन, त्यात शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम. मग शिमगा, तिथीची शिवजयंती, पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिल, १ मे. मध्ये मध्ये सत्यनारायणाच्या पूजा, सोसायट्यांचे स्नेहसंमेलन, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर लग्नं.

शिमग्याची एक गंमत सांगतो. लालबाग-परळ-करी रोड म्हणजे कोकणातल्या चाकरमान्यांचा भाग. शिमगा आला की अर्धी भजनी मंडळी गावाला पालखी नाचवायला जातात. पखवाजवाला गेला, चकवावाला गेला, पेटीवाल्याने बॅग भरली. मुंबईत मात्र कार्यक्रम असतातच. त्यामुळे त्या आठवड्यात जो वादक मुंबईत राहतो त्याचा फोन थांबत नाही. एकाच संध्याकाळसाठी तीन जण विचारतात.

यंदा अजून एक गोष्ट आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. अधिकात लग्नं लावत नाहीत. एरवी मे संपेपर्यंत चालणारा आमचा सीझन यंदा मेच्या मध्यावरच कापला जाणार. पुढे अधिक संपेपर्यंत पाऊस येतो, आणि २५ जुलैला आषाढी झाली की चातुर्मास. म्हणजे गणपतीपर्यंत, यंदा १४ सप्टेंबरपर्यंत, बाहेर पाऊस आणि आमच्याकडे दुष्काळ. हे सगळ्या वादकांना माहीत आहे, लग्नघरांनाही माहीत आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये नुसती झुंबड आहे. एकेका रविवारी दोन-दोन लग्नं.

सीझनमधला एक शनिवार

सकाळी सात ते साडेनऊ क्लास. लहान मुलं आधी, कारण त्यांना क्रिकेटला जायचं असतं. दहा ते बारा वाद्यांची कामं. दुपारी एखादी रिहर्सल, बहुतेक दादरला. संध्याकाळी हळद.

हळदीला आमच्याकडे बेंजो लागतो. बेंजो म्हटल्यावर गिटारसारखं गोल वाद्य डोळ्यासमोर आणू नका. हा आपला गिरणगावचा बेंजो. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, आणि सगळं अँप्लिफायरमधून बाहेर. याचं खरं नाव बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी : १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवलं, त्यातून हे आलं. जपानहून निघालेलं वाद्य आज वरळी कोळीवाड्याच्या हळदीत नवऱ्यामुलाच्या मामाला नाचवतं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी यावर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला, रितेश देशमुख होता त्यात.

बेंजो पार्टीत एक बेंजो, एक-दोन कीबोर्ड, ढोल, ताशा, ढोलकी, ऑक्टोपॅड, कधी ट्रंपेट. मी ढोलकी किंवा ऑक्टोपॅडवर. पाच वाजता सामान लावायचं, सहाला सुरुवात, दहाला बंद. दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पावणेदहाला सगळ्यांच्या अंगात येतं. "दादा, एकच गाणं!" असं एकेक करत आठ गाणी होतात.

सामान नेणं हे वेगळंच काम. आमचं करी रोड स्टेशन म्हणजे स्लो लोकलचं स्टेशन, फास्ट गाडी शिट्टी मारून निघून जाते. तबल्याची जोडी खांद्यावर आणि ढोलकी पोटाशी धरून मी लगेजच्या डब्यात चढतो. स्टेशनवरचा एक पूल लष्कराने बांधलाय, माहीत आहे ना? २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनला चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर लष्कराने तीन ठिकाणी पादचारी पूल बांधले, त्यातला एक आमचा. जोडी घेऊन त्या पुलावरून जाताना गर्दीत जीव जरा कमी घाबरतो. टॅक्सी करावी तर वेगळी पंचाईत. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडायला बंद केला, तेव्हापासून त्या गाड्या करी रोडच्या पुलावर. महादेव पालव मार्गावर टॅक्सीत बसून मी तीनतालाची शंभर आवर्तनं मोजली आहेत. हालचाल शून्य.

आणि उन्हाळ्यात वाद्यं रुसतात. चामडं तापलं की ताणलं जातं आणि सूर चढतो. एसी हॉलमध्ये ते उतरतं. तुम्ही घरी तबला काळी एकला लावून निघालात, वाटेत ऊन लागलं, हॉलमध्ये गारवा, आणि गायकाने 'सा' लावला की तुमचा तबला तिसरंच काहीतरी बोलतो. म्हणून मी तासभर आधी पोचतो आणि जोडी हॉलच्या हवेत उघडी ठेवतो. हातोडी नंतर. नवीन मुलं पोचल्या पोचल्या गठ्ठे ठोकत बसतात, मग अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तबला शिकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट आजच्या भागातून घेतली तरी चालेल.

कानाचा हिशोब

हा भाग वाजवणाऱ्यांसाठी नाही, हेडफोनवाल्यांसाठी आहे. म्हणजे तुमच्या सगळ्यांसाठी.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिचं माप असं : ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आता हळदीच्या स्पीकरसमोर चार तास उभं राहणाऱ्या ताशावाल्याचं गणित तुम्हीच करा.

वाजवून घरी आल्यावर कानात 'सूंऽऽ' असा आवाज येत राहिला, तर तो कानाने केलेला अर्ज समजा. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. त्यात सूर बिघडत नाही, फक्त आवाज कमी होतो. मी ते घालतो. पार्टीतली मुलं आधी हसायची. "दादा, आपलंच वाजवलेलं ऐकवत नाही का?" आता त्यातल्या दोघांनी घेतलेत. हातात ताकद असेपर्यंत हात वाजवतात. पण शिकवणाऱ्याचा कान गेला तर विद्यार्थ्याचा बाया बेसूर आहे हे कोण सांगणार?

आजोबांचा छंद

आता थोडं मागे जाऊ. माझे आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. पाळी सुटली की आंघोळ, जेवण, आणि रात्री भजन. ते पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात, डाव्या बाजूला घुमारा यावा म्हणून. आजी पोळ्यांची कणीक मळताना त्यातला एक गोळा बाजूला ठेवायची. भजनाचे कोणी पैसे दिले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. चहा आणि प्रसाद. कारण महिन्याचा पगार गिरणी देत होती.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. गिरणगावात गाणं-वाजवणं असंच वाढलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, त्यांच्यासमोर बसणारा श्रोता पाळी संपवून आलेला कामगार होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं व्हायची, १९२२ पासून. कोकणातल्या डबलबारीला रात्र रात्र लोक बसायचे. वाजवणारे गिरणीतले, ऐकणारे गिरणीतले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. भोंगा बंद झाला. आमच्या घरात काय झालं ते सांगतो : पखवाज राहिला, पगार गेला. माझ्या काकांनी मग ढोलकी हातात घेतली आणि लग्नांमध्ये, वाद्यवृंदांमध्ये पैसे घेऊन वाजवायला लागले. आजोबांना ते जड गेलं. ते म्हणायचे, "देवापुढे वाजवलेल्याचे पैसे घेत नाही." काका म्हणायचे, "मी देवापुढे नाही, नवरदेवापुढे वाजवतो."

दोघेही बरोबर होते असं मला वाटतं. पण या सीझनमध्ये मला आजोबांची आठवण वेगळ्या कारणाने येते. त्यांना छंद परवडायचा, कारण नोकरी होती. माझ्याकडे नोकरीच नाही, छंदच नोकरी झाला. त्यामुळे दिवसभरात मी तबल्याला हात लावतो तेव्हा डोक्यात कुठेतरी मीटर चालू असतो. एवढ्या वाजता, एवढे तास, एवढे पैसे.

पैशाचं बोलू

लाजू नका, मीही लाजत नाही. आमच्यात कामाला 'सुपारी' म्हणतात. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. आगाऊ रक्कम हातात आली तरच तारीख पक्की. नुसतं "भावा, ठेव डेट" म्हणजे काही नाही. एका आयोजकाने मला मागे असंच तोंडी ठरवून बोलावलं, कार्यक्रम झाला, आणि मग "पुढच्या आठवड्यात जीपे करतो" हे वाक्य मी चार महिने ऐकलं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून : तारीख, वेळ किती ते किती, प्रवासखर्च कोणाचा, जेवण आहे की नाही. हो, जेवणही लिहायचं. रात्री अकराला मंडप आवरताना बुफे बंद झालेला असतो.

माझा साधा हिशोब असा आहे. सीझनमध्ये शंभर रुपये आले की तीस सरळ दुसऱ्या खात्यात, पावसाळ्यासाठी. दहा वाद्यांसाठी, कारण पुडी कधी फाटेल सांगता येत नाही. पाच औषधपाण्याला. राहिले पंचावन्न, त्यात घर. कंपनीचा किंवा मोठ्या संस्थेचा कार्यक्रम असेल तर ते टीडीएस कापून पैसे देतात. मार्च संपला की आपल्या पॅनवर काय कापलं गेलंय ते बघायचं आणि रिटर्न भरायचं. जास्त कापलेलं परत मिळतं. कितीतरी वादक रिटर्न भरतच नाहीत, आणि त्यांचे हक्काचे पैसे तिकडेच राहतात.

या सगळ्यात घराला खरा आधार कशाचा? क्लासचा. क्लासची फी एका हळदीपेक्षा कमी असते, पण ती जुलैतही येते.

एका रविवारची गोष्ट

क्लास आणि सुपारी यांची टक्कर वर्षातून एकदा होतेच, आणि ती याच दिवसांत होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, त्यातलं एक सत्र एप्रिल-मेमध्ये. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी चढती शिडी. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांनाही आता यात रस आलाय.

माझी एक विद्यार्थिनी आहे, नववीतली. मध्यमा पूर्णला बसली. पाच वर्षं शिकतेय. पेशकार, कायदा, रेला सगळं स्वच्छ वाजवते, फक्त अनोळखी माणूस समोर आला की हात थंड पडतात. तिची प्रात्यक्षिक परीक्षा नेमकी अक्षय तृतीयेच्या रविवारी, १९ एप्रिलला आली. त्याच दिवशी आमच्या बेंजो पार्टीकडे सीझनमधली सगळ्यात मोठी वरात. तबल्याच्या परीक्षेत लेहरा धरायला पेटीवाला लागतो. म्हणजे विद्यार्थी तालाचा खेळ करत असताना पेटीवर एकच सुरावट ठेक्याला धरून फिरत राहते, तिच्यावरून सम कुठे आहे ते कळतं. फोनवर लेहऱ्याचे अॅप आहेत, मीही रियाझाला तेच लावायला सांगतो. पण अॅप मुलाचा चेहरा बघत नाही. मूल गडबडलं तर अॅप पुढे निघून जातं. तिच्याबरोबर लेहऱ्याला मी बसायचं असं आधीच ठरलेलं होतं.

पार्टीच्या दादांना फोन केला.

"दादा, १९ ला बदली देतो. चांगला मुलगा आहे."

"अरे, अक्षय तृतीयेची सुपारी कोणी सोडतं का?"

"पोरीची परीक्षा आहे."

"परीक्षा तिची आहे ना? तुझी कुठे?"

त्यांचं चुकलं नाही. बदली म्हणजे आपल्या जागी दुसरा वादक पाठवणं, आणि मोठ्या वरातीत कोणालाच नवीन हात नको असतो. वीस गाणी न थांबता एकमेकांना जोडून वाजतात, डोळ्याच्या इशाऱ्यावर. दादा म्हणाले, "ठीक आहे, बघतो." आमच्या धंद्यात "बघतो" या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मी परीक्षेला गेलो. तिने सुरुवातीला ठाय लय जरा चढी धरली, मी पेटीवर तशीच धरून ठेवली, दोन आवर्तनांत ती स्वतःच खाली आली. परीक्षकांनी मध्येच थांबवून झपताल हाताने द्यायला सांगितला, तोही दिला. निकाल यायचाय. बाहेर आल्यावर तिचे बाबा म्हणाले, "सर, तुमचा आजचा प्रोग्राम बुडला असेल ना?" मी म्हटलं, "बदली दिलीय काका." एवढंच.

त्या दिवसानंतर दादांचा फोन आलेला नाही. सीझनचे तीन आठवडे उरलेत, आणि माझ्या डायरीत त्यांच्या नावाच्या तीन तारखा पेन्सिलने लिहिलेल्या आहेत. कदाचित येईल फोन, कदाचित त्या बदलीवाल्या मुलाला जाईल. तो खरंच चांगला वाजवतो. मी हे सांगतोय कारण तुमच्यातल्या अनेकांनी विचारलंय, "नोकरी सोडून म्युझिकमध्ये येऊ का?" या. पण असा रविवार दरवर्षी येणार, आणि दोन्हीकडे शब्द दिलेला असणार. आपला कुठला शब्द आधी, हे सीझन सुरू होण्याआधी ठरवून ठेवा. ऐन वेळी पैसा जास्त जोरात बोलतो. माझ्यापुरतं मी फेब्रुवारीतच ठरवलं होतं : परीक्षेच्या तारखा आणि मंगळवार-गुरुवारचा क्लास, हे हलणार नाहीत.

तर छंद काय?

आता तिसरा प्रश्न. छंदाची माझी व्याख्या सोपी आहे. ज्याचे पैसे मिळत नाहीत, ज्याचं रील बनवायचं नाही, आणि ज्यात आपण भारी नसलो तरी कोणाचं काही बिघडत नाही, तो छंद.

पहिला छंद पेटी. हो, तीच लेहऱ्याची. दोन वर्षांपूर्वी शिकायला लागलो. माझी बोटं तबल्याची, पेटीवर ती दगडासारखी पडतात. माझ्या पेटीच्या सरांकडे माझ्याबरोबर एक सातवीतला मुलगा शिकतो, तो माझ्यापेक्षा पुढे आहे. पण यामुळे झालं काय, की नवीन मुलाला 'धा तिरकिट' येत नाही तेव्हा त्याला आतून काय वाटतं ते मला आठवतं.

दुसरा छंद मसाला गल्ली. हसू नका. मार्च ते मे लालबागला मसाल्याचा हंगाम असतो. बायका बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची निवडून घेतात, खडा मसाला भाजून घेतात आणि डंखावर कुटायला देतात. शिंका देत उभं राहायचं आणि ऐकायचं. दोन डंखांची मुसळं एका वेगाने पडत नाहीत. एक तीनदा पडेपर्यंत दुसरं चारदा पडतं, आणि मध्येच दोन्ही एकदम : धप्प! ती सम. मी मोठ्या विद्यार्थ्यांना एकदा तिथे घेऊन जातो. तिनात चार ही लयकारी वहीत आठवडाभर कळत नाही, तिथे दहा मिनिटांत कळते. वर अर्धा किलो मसालाही घरी येतो.

तिसरा छंद शिवडी. करी रोडपासून फार लांब नाही. शिवडीच्या खाडीतल्या चिखलात हिवाळ्यापासून मेच्या आसपासपर्यंत फ्लेमिंगो असतात. मराठीत रोहित म्हणतात. माझ्यासारखाच त्यांचा सीझन, फक्त ते सुपारी घेत नाहीत. जाताना भरती-ओहोटीची वेळ बघून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब आत जातात, पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो. मधली वेळ गाठायची. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवत ते खातात, पाणी गाळून बारीक शेवाळ ठेवून घेतात. मागे अटल सेतू दिसतो, बाजूला जुन्या बोटी. २०२४ मध्ये सेतू सुरू झाला. ठाण्याच्या खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य आहे, तिकडेही ते मोठ्या संख्येने असतात. मी पक्षीतज्ज्ञ नाही, माझ्याकडे साधी दुर्बीण आहे. मी जातो ते मुख्यतः कानासाठी. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बसलं की हजारभर पक्ष्यांची बारीक कुजबुज ऐकू येते. ती ऐकू आली म्हणजे आपला कान अजून शाबूत आहे. माझी ती तपासणीच आहे.

आणि चौथा. गुरुवारी रात्री, क्लास संपल्यावर, आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गावच्या मंडळाचं भजन असतं. तिथे मी आजोबांचा पखवाज घेऊन बसतो. पुडी नवीन, खोड जुनं. कणीक आता आई देते. पखवाजाचा हात तबल्यापेक्षा वेगळा, सबंध तळव्याचा, त्यामुळे चुकतो. बुवा फक्त एकदा बघतात आणि पुढे गातात. तिथे मीटर नसतो. चहा आणि प्रसाद.

झाकीरभाई गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं. १५ डिसेंबर २०२४. जगभर कार्यक्रम करणारा माहीमचा हा माणूस वर्षानुवर्षं ३ फेब्रुवारीला आपल्या वडिलांची, उस्ताद अल्लारखांची बरसी षण्मुखानंद हॉलमध्ये करायचा. पहाटे सुरू व्हायची. आम्ही पोरं पहिल्या लोकलने जायचो, वर बाल्कनीत बसायचो. भर सीझनमध्ये एवढ्या मोठ्या वादकाने एक आख्खा दिवस फक्त गुरूसाठी ठेवायचा, हे मी तिथे पाहिलं. माझा गुरुवार त्या मानाने फारच छोटा आहे, पण तोही डायरीत शाईने लिहिलेला आहे, पेन्सिलने नाही.

चला, थांबतो. साडेसहाचा क्लास आहे, जिन्यात पोरांचा आवाज येतोय. तुम्ही जे काम करता ते आधी तुमचा छंद होतं का? असेल तर आता त्या जागी काय आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात निवडक ऐकवू. आणि १७ मेनंतर कोणाला तबला शिकायचा असेल तर या, अधिक महिन्यात माझ्याकडे वेळच वेळ आहे.

आवाज दोन काड्या कमी करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!